पहिली तपासणी नवऱ्याची: मूल होण्यासाठी उपचार सुरू करताना

आमच्या फाइलच्या पहिल्या पानावर बायकोचा थायरॉइडचा रिपोर्ट आहे. मग तिच्या सोनोग्राफ्या, तिच्या रक्ताचे कागद, तिच्या नळ्यांचा एक्स-रे, पुन्हा सोनोग्राफ्या. माझा पहिला रिपोर्ट सापडतो एकतिसाव्या पानावर. तारखा पाहिल्या तर मधे चौदा महिने गेलेले. वीर्य तपासणीच्या त्या कागदावर शुक्रजंतूंचा काउंट मिलीमागे ५ मिलियन, म्हणजे बराच कमी, होता. चौदा महिने तिला जे गिळायला आणि टोचून घ्यायला लावलं, त्यातलं बरंचसं फुकट गेलं, हे लॅबच्या जिन्यातच कळलं.

मी डॉक्टर नाही. साताऱ्यात एमआयडीसीत नोकरी करतो, बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, उपचार पुण्यात घेतले. मुलगी आता अडीच वर्षांची आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी काय झालं ते बघायला कुणी धावत वाचायला नको. ओळखीतली जोडपी फोन करतात तेव्हा जे सांगतो, तेच इथे क्रमाने लिहिलंय. औषधांचे डोस यात शोधू नका, ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

उपचारांची वेळ आली आहे का?

कुठलंही साधन न वापरता वर्षभर नियमित संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत, तर तपासणी करायची. बायकोचं वय ३५ च्या पुढे असेल तर ६ महिनेच वाट पाहायची, चाळिशी ओलांडली असेल तर तेवढीही नाही. पाळी दोन-दोन महिने येत नसेल, तिला पूर्वी क्षयरोग झाला असेल, पोटाचं मोठं ऑपरेशन झालं असेल, किंवा नवऱ्याला वयात आल्यानंतर गालगुंड होऊन अंडकोष सुजले असतील, लहानपणी अंडकोष खाली उतरले नव्हते म्हणून शस्त्रक्रिया झाली असेल, तर वर्ष मोजत बसू नका.

'नियमित' म्हणजे काय, हे आधी स्वतःला विचारा. आमच्या कंपनीतला एक जण नऊ महिने गुजरातेत साइटवर, महिन्यातून दोन दिवस घरी, आणि घरचे म्हणतात दोन वर्षं झाली लग्नाला, अजून काही नाही. गर्भ राहू शकतो असे दिवस महिन्यात साधारण सहा: अंडं बाहेर पडतं तो दिवस आणि त्याआधीचे पाच. हा दिवस सगळ्यांचा चौदावा नसतो. पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी तो येतो, म्हणजे ३२ दिवसांचं चक्र असेल तर अठराव्याच्या आसपास. तारखा पाठ करण्यापेक्षा पाळी संपल्यावर दर एक-दोन दिवसांआड संबंध ठेवले की काम भागतं. कॅलेंडरवर गोल करून 'आजच' म्हटलं की नवऱ्याला नेमकं त्याच दिवशी जमत नाही, हाही अनुभव घरोघरीचा.

आणि संबंधच नीट होत नसतील, तिला असह्य दुखत असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. लग्नाला तीन वर्षं झालेली जोडपीही हे लपवून थेट गर्भधारणेच्या गोळ्या घेत बसतात. त्यावर वेगळा आणि चांगला इलाज आहे, पण डॉक्टरांना कळलं तर.

एक डबी आणि एक तास

वीर्य तपासणीला काही शे रुपये ते हजारभर लागतात. सुई नाही, भूल नाही, रिपोर्ट बहुतेकदा त्याच दिवशी. मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं नाहीतर बायकोकडच्या कारणाच्या जोडीला. तरी फाइल उघडते तिच्या नावाने, कारण दवाखाना स्त्रीरोगतज्ज्ञांचा आणि केसपेपर तिचा. आमच्या पहिल्या डॉक्टरांनी मला काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही स्वतःहून विचारलं नाही, बाहेरच्या बाकावर फोन बघत बसलो होतो.

तपासणीआधी २ ते ७ दिवस वीर्यपतन झालेलं नसावं. नमुना लॅबच्याच डबीत, हस्तमैथुनाने द्यायचा. तेल, साबण, थुंकी, दुकानातला निरोध यांतलं काहीही चालत नाही. सुरुवातीचा भाग सांडला तर लॅबला तसं सांगा, कारण शुक्रजंतू त्याच भागात जास्त असतात. घरून आणायचा असेल तर तासाच्या आत पोचवा. डबी शर्टाच्या आत अंगालगत ठेवा, उन्हात तापलेल्या डिकीत नको आणि बर्फात तर नकोच.

लॅबमधली खोली म्हणजे ट्यूबलाइट, प्लास्टिकची खुर्ची आणि धड न लागणारी कडी. पहिल्या दिवशी मला वीस मिनिटं काहीही जमलं नाही. बाहेर रक्त द्यायला आलेले एक काका ते संडास समजून दार वाजवत होते. मी रिकामी डबी परत देऊन खाली उतरलो आणि बायकोला सांगितलं, लॅब बंद होती. चार दिवसांनी खरं सांगितलं. पुढच्या वेळी फोन करून दुपारची, कमी गर्दीची वेळ मागून घेतली. लॅबवाल्यांना हे रोजचंच असतं. लाज आपलीच आपल्याला.

रिपोर्ट वाचताना जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मानकं शेजारी ठेवा. वीर्य १.४ मिली, काउंट मिलीमागे १६ मिलियन म्हणजे १ कोटी ६० लाख, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, आणि नीट आकाराचे फक्त ४ टक्के. हे खालच्या मर्यादेचे आकडे आहेत, याच्या खाली आलात म्हणजे नापास झालात असं नाही. 'नॉर्मल फॉर्म ५ टक्के' वाचून एकाने मला रात्री अकराला रडत फोन केला होता. त्याचा रिपोर्ट चांगला होता.

एका कागदावर निकाल लावू नका. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, त्यामुळे आजच्या नमुन्यात दोन महिन्यांपूर्वीच्या डेंग्यूचा ताप दिसतो. काउंट कमी आला तर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, आणि तोवर बायकोच्या तपासण्या थांबवू नका. तंबाखू, गुटखा, सिगारेट, रोजची दारू बंद. जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं देत असेल तर ती आजच डॉक्टरांना सांगा. अंगाला फुगवटा येतो आणि शुक्रजंतू बनणं जवळजवळ बंद पडतं. ही गोष्ट पोरं शेवटपर्यंत बोलत नाहीत.

रिपोर्ट बिघडलेला असेल तर यूरोलॉजिस्ट किंवा अँड्रोलॉजिस्ट गाठा. एसटी स्टँडच्या भिंतीवर 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज' लिहिणारा नव्हे. काउंट शून्य आला तरी सगळं संपत नाही. मार्ग अडलाय की निर्मितीच कमी आहे, हे हार्मोन आणि गुणसूत्रांच्या तपासणीतून पाहतात, आणि बऱ्याच जणांच्या अंडकोषातून सुईने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने शुक्रजंतू मिळतात.

तिच्या तपासण्या, पाळीच्या तारखेप्रमाणे

पाळीचा पहिला दिवस म्हणजे चांगला रक्तस्राव सुरू झाला तो, नुसता डाग दिसला तो नव्हे. ही तारीख दोघांच्याही फोनमध्ये असावी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून मोजतात.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एफएसएच, एलएच, इस्ट्रॅडिओल ही हार्मोनची रक्तं आणि आतून, म्हणजे योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी. तीत दोन्ही अंडाशयांतल्या बारीक पिशव्या मोजतात. अविवाहित असताना तिची सोनोग्राफी पोटावरूनच झाली असेल, तर आतून म्हणजे काय हे आदल्या दिवशी तिला सांगा. पाळी चालू असताना कशी करतील, या धास्तीने आम्ही पहिला महिना घालवला. करतात, तशीच करायची असते. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर आणि एएमएच कुठल्याही दिवशी चालतात.

एएमएचचा बाऊ फार होतो. या आकड्यावरून अंड्यांचा साठा किती उरलाय आणि इंजेक्शनांना अंडाशय किती प्रतिसाद देईल, याचा अंदाज येतो. अंड्यांची प्रत त्यातून कळत नाही, आणि कमी आला म्हणून आपणहून दिवस राहणार नाहीत असंही नाही. पण बायको ३६ ची आणि एएमएच कमी असेल, तर 'वर्षभर गोळ्या घेऊन बघू' याला होकार देऊ नका.

गर्भनळ्यांचा एक्स-रे, म्हणजे एचएसजी, रक्तस्राव थांबल्यावर आणि अंडं फुटण्याआधी, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसात होतो. त्या पाळीपासून तपासणीपर्यंत संबंध नकोत. गर्भपिशवीच्या तोंडातून औषध सोडतात तेव्हा पाळीच्या कळांसारखी, काहींना त्याहून जोराची कळ येते. तासभर आधी वेदनाशामक गोळी कोणती घ्यायची ते विचारून ठेवा, पॅड न्या, आणि तिला एकटी पाठवू नका. मी त्या दिवशी सेकंड शिफ्टला गेलो होतो. ती रिक्षाने घरी आली, आणि ते ती अजून विसरलेली नाही.

नळी गर्भपिशवीजवळच बंद दिसली तर कधी कधी ती नुसती आकसलेली असते, लगेच 'ब्लॉक' धरून चालू नका. नळीत पाणी साठलेलं असेल तर मात्र आयव्हीएफआधीच (म्हणजे 'टेस्ट ट्यूब'च्या उपचाराआधीच) तिचा बंदोबस्त करावा लागतो, नाहीतर ते पाणी गर्भ रुजू देत नाही. आपल्याकडे नळ्या खराब होण्याचं एक मोठं कारण जननेंद्रियांचा क्षयरोग हे आहे. पण गर्भपिशवीच्या अस्तराचा फक्त पीसीआर (टीबीच्या जंतूचा अंश शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आला, बाकी काहीच पुरावा नाही, आणि सहा महिन्यांची टीबीची औषधं लिहून दिली, तर दुसरं मत घ्या.

एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, व्हीडीआरएल (सिफिलिसची) या तपासण्या दोघांच्याही करतात. थॅलेसेमियाची तपासणी निदान एकाची तरी करून घ्या, एक वाहक निघाला तर दुसऱ्याची लगेच. रुबेलाची प्रतिकारशक्ती नसेल तर लस घेऊन महिनाभर थांबायचं. फॉलिक ॲसिड, रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहायच्या निदान महिनाभर आधीपासून.

दवाखाना निवडताना

२०२१ च्या सहाय्यक जनन तंत्रज्ञान कायद्याने आययूआय (शुक्रजंतू नळीने गर्भपिशवीत सोडणं) आणि आयव्हीएफ करणाऱ्या प्रत्येक क्लिनिकला नोंदणी सक्तीची केली आहे. प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं नाही तर मागा. याच कायद्याप्रमाणे उपचारांसाठी बायकोचं वय २१ च्या वर आणि ५० च्या आत, नवऱ्याचं २१ च्या वर आणि ५५ च्या आत लागतं. यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम, जुळ्यांचा धोका हे सगळं समजावून सांगणं क्लिनिकवर कायद्यानेच टाकलं आहे. म्हणजे प्रश्न विचारलात तर तुम्ही आगाऊपणा करत नाही.

मी वहीत लिहून नेलेले प्रश्न हे होते. माझ्या बायकोच्या वयाच्या बायकांमध्ये, चक्र सुरू केलेल्या शंभरातल्या किती जणी मूल घेऊन घरी जातात? (नुसता 'पॉझिटिव्ह रेट' नको, त्यात पुढे गळालेले गर्भही मोजलेले असतात.) रविवारी पिकअप, म्हणजे अंडी काढायचा दिवस, आला तर करता का, की तुमच्या सोयीने तारीख ढकलता? गर्भतज्ज्ञ रोज इथे असतात की बाहेरून येतात? पॅकेजमध्ये इंजेक्शनं, भूल, गर्भ गोठवणं आणि नंतरची ट्रान्सफर (गर्भ पिशवीत सोडणं) धरली आहे का? एका ठिकाणी शेवटच्या प्रश्नावर काउन्सेलर बाई हसल्या आणि म्हणाल्या, "सर, तेवढं बघू आपण नंतर." तिथून आम्ही उठलो.

महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत आयव्हीएफचं एक चक्र इंजेक्शनं धरून साधारण दीड ते अडीच लाखांत जातं. आमचं २ लाख १० हजारांत गेलं, नंतरच्या प्रत्येक ट्रान्सफरला ४५ हजार वेगळे. आरोग्यविम्यात हे बहुधा बसत नाही, पॉलिसीचं बारीक अक्षर वाचून घ्या. गोवेकरांना मात्र बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात २०२३ पासून आयव्हीएफची मोफत सोय आहे. पैशांची खरी बैठक पहिल्या चक्राआधीच करायची: किती चक्रं, किती रकमेपर्यंत, आणि कशाला हात लावायचा नाही. आम्ही तिचे दागिने आणि आईबाबांच्या घराची कागदपत्रं या यादीतून बाहेर ठेवली होती. चक्र फसल्यावर संध्याकाळी असले निर्णय घेऊ नयेत.

अंतरही मोजा. सातारा-स्वारगेट विनाथांबा गाडीने दोन-अडीच तास, खंबाटकी घाटात ट्रक बंद पडला की कितीही. दहा-बारा दिवसांत चार-पाच सोनोग्राफ्या होतात. आमच्या डॉक्टरांनी सुरुवातीच्या दोन साताऱ्यात करून रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवायला हरकत घेतली नाही. हे आधी विचारून घ्या. शाळेतल्या रजेचं गणित त्यावरच बसलं.

गोळ्या, आययूआय, आयव्हीएफ

हा जिना प्रत्येकाने पायरी-पायरीनेच चढायचा असतो असं नाही. पीसीओएसमुळे (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास) अंडं फुटत नसेल, नळ्या मोकळ्या असतील, नवऱ्याचा रिपोर्ट ठीक असेल, तर लेट्रोझोलसारख्या गोळ्या आणि फॉलिक्युलर स्टडी (अंडं किती वाढलं ते सोनोग्राफीत बघणं) इथून सुरुवात होते. नवव्या-दहाव्या दिवसापासून सोनोग्राफी करतात, अंड्याची पिशवी रोज साधारण २ मिलिमीटर वाढते, १८ ते २० झाली की फुटायच्या तयारीत. नवऱ्याची तपासणी न करता ही चक्रं सहा-सहा महिने चालवणं म्हणजे पंपात पाणी आहे का ते न बघता नळ बदलत बसणं. आमचं तेच झालं.

आययूआयमध्ये नमुना धुऊन चपळ शुक्रजंतू बारीक नळीने पिशवीत सोडतात. पाच मिनिटांचं काम, भूल नाही. एका वेळी यश शंभरात दहा ते वीसच्या घरात, म्हणून 'एकदा केलं, नाही झालं' यात नवल नाही. तीन-चार वेळा करून पाहावं, पुढे तेच करत राहण्यात अर्थ उरत नाही. धुतल्यावर चपळ शुक्रजंतू ५ मिलियनच्या खाली उरत असतील तर शक्यता आणखी घसरते. माझे दोन मिलियन उरले होते. आमची पुढची पायरी आयव्हीएफमधलीच इक्सी, म्हणजे प्रत्येक अंड्यात एकेक शुक्रजंतू सुईने सोडायचा.

'टेस्ट ट्यूब' हा शब्द ऐकून आईने विचारलं होतं, "बाळ नळीतच वाढतं का रे?" तिला सांगितलं, बाहेर फार तर पाच-सहा दिवस, पुढचे सगळे महिने पोटातच. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हाताखाली अशी मुलगी ६ ऑगस्ट १९८६ ला जन्मली आणि ती पुढे स्वतःही आई झाली, हे कळल्यावर आई गप्प बसली, आणि जेजुरीला जाऊन आली ती आली.

इंजेक्शनांचे दिवस

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारण ८ ते १२ दिवस, रोज ठरलेल्या वेळी, बेंबीच्या बाजूला दोन बोटं सोडून. पेन असेल तर स्वतः टोचता येतं. पहिल्या रात्री बायकोने पेन हातात धरलं, पोटाची वळी चिमटीत धरली आणि म्हणाली, "अहो, तुम्हीच टोचा, मला बघवत नाही." माझा हात थरथरत होता. सुई केसाएवढी बारीक असते, आत गेल्याचं कळतही नाही, पण बटण दाबून दहा आकडे मोजेपर्यंत सुई बाहेर काढायची नाही. घाईत मी पाचवर काढली, एक थेंब कातडीवर आला. लगेच क्लिनिकला फोन केला. त्यांनी सांगितलं, पुन्हा टोचू नका. अशा वेळी मनाने काही करायचं नाही, रात्रीचा नंबर आधीच घेऊन ठेवायचा.

औषध २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. दारात नको आणि बर्फाच्या खणाला चिकटून तर मुळीच नको. काही औषधं खोलीच्या तापमानालाही चालतात, खोक्यावर लिहिलेलं असतं. आईला तेव्हा सांगितलं नव्हतं, म्हणून आमची खोकी कोथिंबिरीच्या डब्यात होती. लाइट गेली की फ्रिज उघडायचा नाही, एवढा एकच नियम आईला कारण न सांगता लावून दिला, आणि ती आठवडाभर 'याला झालंय काय' म्हणत होती. प्रवासात थर्मासच्या पिशवीत बर्फाची पिशवी, पण औषध तिला थेट टेकवू नका, मधे रुमाल घाला.

अंडी पक्व करणारं शेवटचं ट्रिगर इंजेक्शन सगळ्यात नाजूक. त्याच्या साधारण ३५-३६ तासांनी अंडी काढतात, म्हणून सोमवारी रात्री ९:३० म्हणजे ९:३०, जेवण झाल्यावर नाही. मी दोन फोनांवर गजर लावले आणि टोचल्यावर घड्याळाचा फोटो क्लिनिकला पाठवला. त्या रात्री आम्ही पुण्यातच, मावशीकडे राहिलो. ट्रिगर चुकला तर दहा दिवसांची इंजेक्शनं पाण्यात जातात.

अंडी खूप तयार झाली, विशेषतः पीसीओएस असलेल्यांत, की अंडाशय सुजतात आणि पोटात पाणी साठू शकतं. पोट ताठ फुगणं, दोन दिवसांत दोन-तीन किलो वजन वाढणं, लघवी कमी होणं, धाप लागणं, सतत उलट्या: यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना. हा धोका दिसला की बरेच डॉक्टर त्या महिन्यात ट्रान्सफर न करता गर्भ गोठवून ठेवतात. आमचं तसंच झालं. तेव्हा चिडलो होतो, आता बरं वाटतं.

पिकअप ते ट्रान्सफर: आकडे गळत जातात

अंडी काढायला वीस-पंचवीस मिनिटं, थोडी भूल देऊन. आदल्या रात्रीपासून उपाशी. त्याच सकाळी नवऱ्याचा नमुना लागतो, आणि पहिल्या लॅबचा अनुभव असेल तर एक नमुना आधीच गोठवून ठेवायला सांगा. ताण अर्धा होतो.

मग फोन येऊ लागतात. आमची १४ अंडी निघाली. त्यातली पक्व ११, फळलेली ८, पाचव्या दिवशी टिकलेले गर्भ ४. ही गळती आधी कुणी सांगितली नव्हती, त्यामुळे १४ ऐकून मी पेढे आणायला निघालो होतो आणि ४ ऐकून बायको दिवसभर बोलली नाही. चार हा आकडा चांगला होता. पक्व अंड्यांतली साधारण दोनतृतीयांश फळतात आणि त्यांतली निम्मी किंवा त्याहून कमी पाचव्या दिवसापर्यंत पोचतात.

संमतीपत्रांवर दोघांच्या सह्या लागतात. उरलेल्या गर्भांचं काय करायचं, आपल्यापैकी एकाचं काही बरंवाईट झालं तर काय, हे प्रश्न त्यात असतात. घरी नेऊन वाचा, काउंटरवर उभ्या उभ्या सही करू नका. 'मुलगाच असलेला गर्भ ठेवा' असं एखादे काका कानात सांगतील. १९९४ च्या कायद्याने गर्भ राहण्याआधी असो वा नंतर, लिंग निवडणं गुन्हा आहे, विषय तिथेच संपवा.

याच सुमाराला जोडधंदे सुचवले जातात: अस्तराला स्क्रॅच (मुद्दाम ओरखडा), पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या घटकाचं इंजेक्शन), कसली कसली सलाइनं. प्रत्येक वेळी विचारा, 'माझ्या बायकोत असं काय आढळलं म्हणून हे हवं?' स्क्रॅचचा फायदा २०१९ मधल्या मोठ्या चाचणीत दिसला नव्हता, तरी आम्हाला तो सुचवला गेला. नाही म्हटलं, कुणी रागावलं नाही.

गोठवलेला गर्भ सोडताना गोळ्यांनी अस्तर सात-आठ मिलिमीटर करतात, मग प्रोजेस्टेरॉन सुरू होतं आणि ठरलेल्या दिवशी ट्रान्सफर. भूल नाही, फक्त लघवीने पोट भरलेलं हवं, म्हणजे सोनोग्राफीत पिशवी नीट दिसते. खंबाटकीत अडकायची भीती असेल तर पाणी पुण्यात पोचल्यावर प्या. एक गर्भ सोडायचा की दोन, यावर वाद घाला, पण जुळं म्हणजे 'एका खर्चात दोन' नव्हे. वेळेआधी प्रसूती, काचेच्या पेटीतले आठवडे, आईचा रक्तदाब हे सगळं त्याबरोबर येतं. आम्ही दोन्ही वेळा एकेकच सोडला.

नंतर अंथरुणाला खिळून राहिल्याने गर्भ जास्त रुजतो असं नाही, उलट काही उपयोग होत नाही असंच दिसलं आहे. दुसऱ्या दिवशी ती भाजी निवडत होती. जड उचलणं, एवढंच टाळलं. प्रोजेस्टेरॉनची तेलातली इंजेक्शनं कुल्ल्यावर गाठी करतात. आंघोळीनंतर कोमट शेक, आज डावीकडे, उद्या उजवीकडे, आणि कुठली बाजू झाली ते कॅलेंडरवर लिहायचं काम नवऱ्याचं.

बीटा, आणि त्यानंतर

पाच दिवसांचा गर्भ सोडला असेल तर साधारण १० ते १२ दिवसांनी बीटा एचसीजी, म्हणजे दिवस राहिलेत का ते सांगणारी रक्ताची तपासणी. घरची पट्टी वापरू नका म्हणणार नाही, सगळेच वापरतात, पण प्रोजेस्टेरॉन चालू असताना पाळी चुकली म्हणजे दिवस राहिले असं नसतं, आणि ट्रिगरचा अंश उरला असेल तर पट्टी खोटंही सांगते. थोडा डाग दिसला म्हणून औषध मनाने बंद करू नका. निकाल ऐकायला दोघंही एकाच जागी असा. पहिल्या वेळी तिला तो शाळेच्या स्टाफरूममध्ये फोनवर कळला, पुढचा तास तिसरीच्या वर्गावर.

आकडा पॉझिटिव्ह असेल तर ४८ तासांनी पुन्हा रक्त. तो साधारण दीडपट-दुप्पट व्हायला हवा. सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी, गर्भ पिशवीतच आहे ना हे बघायला. मधेच एका बाजूला जोराची कळ आली, चक्कर आली किंवा खांदा दुखू लागला तर थेट इमर्जन्सी, गर्भ नळीतही अडकू शकतो.

निगेटिव्ह असेल तर औषधं कधी बंद करायची ते विचारून घ्या, पाळी येऊ द्या, आणि दोन आठवड्यांनी एक वेगळी भेट मागा, नवीन चक्राची नव्हे तर फसलेल्या चक्राची. अंडी अपेक्षेइतकी आली का, गर्भांची प्रत काय होती, अस्तर किती होतं, पुढच्या वेळी नेमकं काय बदलणार? 'काहीच नाही, नशीब' हे उत्तर एकदा चालतं. दुसऱ्या वेळी फाइल उचलून दुसऱ्या डॉक्टरांकडे. सगळ्या रिपोर्टांच्या आणि गर्भांच्या नोंदींच्या प्रती मागून घ्या.

नातेवाइकांचा बंदोबस्त मी दोन वाक्यांत केला. माझ्या बाजूच्यांना उत्तर मी देणार, तिच्या बाजूच्यांना ती. आणि ज्या बारशाला, डोहाळजेवणाला तिला जावंसं वाटत नाही, तिथला नकार मी कळवणार, कारण विचारलं तर 'माझी शिफ्ट आहे'. आत्याने एका हळदीकुंकवात सगळ्यांच्या ओट्या भरल्या आणि हिच्यापुढे येऊन ताट पुढच्या बाईकडे सरकवलं होतं. त्यानंतर वर्षभर माझ्या शिफ्टा फार वाढल्या.

थांबण्याची रेषा आधी आखलेली असली की पुढचं बोलणं सोपं जातं. आमची तीन ट्रान्सफरची होती. दत्तक हा पर्याय मनात असेल तर वयाचं गणित आधी बघा. 'कारा' या दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या नियमांप्रमाणे दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी जोडप्याच्या वयांची बेरीज ८५ च्या आत लागते, लग्नाला दोन वर्षं झालेली असावी लागतात, आणि बाळ हाती यायला काही वर्षंही लागतात. उपचारांत चाळिशी गाठून मग नोंदणीला गेलात तर ही बेरीज आड येते.

आमचे दोन गर्भ अजून गोठवलेले आहेत. दर एप्रिलमध्ये क्लिनिकचा मेसेज येतो, फी भरा. कायद्याने दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. बायको म्हणते, "भरून टाका, पुढच्या वर्षी बघू." मी भरतो, पावती फाइलमध्ये लावतो. शेवटचं पान सध्या एकशे बारावं आहे.